बाळाचे चपटे डोके : समज, गैरसमज आणि तथ्य

घरात बाळाचे आगमन झाले की कौतुकाला उधाण येते. नाक आजीवर गेले की आत्यावर, कपाळ कोणाचे, हसू कोणाचे, याची चर्चा बारशापर्यंत आणि त्यानंतरही चालू राहते. पुढे दीड-दोन महिन्यांनी तेल लावताना किंवा कुंची बांधताना कोणाच्या तरी हाताला जाणवते, की बाळाचे डोके मागून सपाट झाले आहे किंवा एका बाजूने दबले आहे. मग कौतुकाची जागा शंका घेते. ‘उशी दिली नव्हती का?’, ‘मालिश नीट होत नाही का?’, ‘एकाच कुशीवर का निजवता?’ असे प्रश्न सुरू होतात आणि त्यांतील बहुतेकांचा रोख बाळाच्या आईकडे असतो.

बदलीच्या नोकरीतील कुटुंबांत हेच प्रश्न दूरध्वनीवरून विचारले जातात. बिऱ्हाड जयपूर-आग्रा महामार्गावरील कानोत्यात असो वा विदर्भातील एखाद्या तालुक्याच्या गावी, पहिल्या बाळाच्या वेळी घरचे जाणते माणूस जवळ नसेल तर नवख्या आईवडिलांचा गोंधळ अधिकच वाढतो. कानोत्यातील शेजारीणबाईंनी ‘राई का तकिया’ सुचवावा आणि त्याच आठवड्यात साताऱ्याहून सासूबाईंनी मोहरीची उशी पाठवून द्यावी, इतका हा समज देशभर सारखा आहे. आजूबाजूच्या सल्ल्यांत प्रेम पुष्कळ असते. परंतु चपटे डोके किती बालकांत आढळते, त्यांतील किती आपोआप सुधारतात आणि खरी चिंता केव्हा करावी, या तीन प्रश्नांची उत्तरे क्वचितच मिळतात. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार करावयाचा आहे.

कवटी मऊ का असते?

नवजात बालकाची कवटी म्हणजे एकसंध हाड नव्हे. ती अनेक पातळ हाडांची बनलेली असून त्यांच्यामध्ये लवचिक सांधे असतात. या सांध्यांना वैद्यकात ‘सीवनी’ म्हणतात. जेथे हे सांधे एकमेकांना मिळतात, तेथे मऊ जागा राहते. तीच आपल्या परिचयाची टाळू. निसर्गाने ही रचना दोन कारणांसाठी केली आहे. प्रसूतीच्या वेळी डोके अरुंद मार्गातून बाहेर येताना हाडे किंचित एकमेकांवर सरकू शकतात, आणि जन्मानंतर झपाट्याने वाढणाऱ्या मेंदूला जागा मिळते. जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३४ ते ३५ सेंटिमीटर असतो. पहिल्या वाढदिवसापर्यंत तो साधारणपणे ४५ ते ४६ सेंटिमीटर होतो. यातील जवळजवळ निम्मी वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते. पुढची टाळू बहुधा १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान भरून येते.

कवटी जितकी मऊ आणि वाढ जितकी वेगवान, तितका बाह्य दाबाचा परिणाम अधिक. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाला मान सावरता येत नाही. ते दिवसाचा बराच काळ झोपलेले असते आणि त्याच्या डोक्याचा भार एकाच ठिकाणी पडत राहतो. त्यामुळे तेवढा भाग सपाट होतो व वाढणारे डोके मोकळ्या बाजूंना पसरते. डोके एका बाजूने चपटे झाल्यास त्यास ‘प्लॅजिओसेफली’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘प्लॅजिओस’ म्हणजे तिरका. संपूर्ण मागचा भाग सपाट होऊन डोके रुंद दिसू लागल्यास त्यास ‘ब्रॅकिसेफली’ ही संज्ञा आहे. नावे भारदस्त असली तरी केवळ निजण्याच्या स्थितीमुळे आलेला हा चपटेपणा मेंदूवर दाब आणत नाही. मेंदूची वाढ चालूच राहते. बदलतो तो फक्त आकार.

कवटीचा हा मऊपणा मानवाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ज्या समाजात लांबट डोके प्रतिष्ठेचे मानले जाई आणि त्यासाठी तान्ह्या मुलांची डोकी बांधली जात, अशा समाजाचे वर्णन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस याच्या नावावर असलेल्या ग्रंथात आढळते. दक्षिण अमेरिकेतील प्राचीन संस्कृतींत तर ही प्रथा सर्रास होती. मात्र असे कायमचे रूप देण्यासाठी महिनोन्‌महिने घट्ट बांधणी करावी लागे. साध्या निजण्याने आलेला चपटेपणा त्या मानाने सौम्य असतो आणि दाब दूर होताच तो ओसरू लागतो.

किती बालकांत आढळते?

या प्रश्नाचे उत्तर बाळाच्या वयावर अवलंबून आहे. कॅनडातील कॅलगरी शहरात सात ते बारा आठवडे वयाच्या ४४० निरोगी बालकांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्या बालकांपैकी ४६.६ टक्के बालकांच्या डोक्यात कमीअधिक चपटेपणा आढळला. म्हणजे जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या बाळात! परंतु त्यांतील सुमारे ७८ टक्के बालकांत तो सौम्य स्वरूपाचा होता. चपटेपणा आलेल्या बालकांपैकी सुमारे ६३ टक्के बालकांत तो उजव्या बाजूला होता, हेही लक्षणीय आहे.

याहून बोलके आकडे न्यूझीलंडमधील २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे आहेत. तेथे २०० बालकांच्या डोक्याची मापे दोन वर्षांपर्यंत ठराविक अंतराने घेण्यात आली. सहाव्या आठवड्यात १६ टक्के बालकांत चपटेपणा होता. चौथ्या महिन्यात हे प्रमाण १९.७ टक्क्यांवर पोहोचले. तेथून मात्र ते उतरू लागले. आठव्या महिन्यात ९.२ टक्के, बाराव्या महिन्यात ६.८ टक्के आणि दोन वर्षे पूर्ण होताना अवघे ३.३ टक्के. दोन्ही अभ्यासांच्या आकड्यांत अंतर दिसते, कारण मोजण्याची पद्धत आणि किती चपटेपणाला ‘चपटेपणा’ म्हणावे याच्या मर्यादा वेगवेगळ्या होत्या.

मोठेपणी काय होते? अमेरिकेत १२ ते १७ वर्षे वयाच्या १,०४५ विद्यार्थ्यांची पाहणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. एका बाजूचा चपटेपणा १.१ टक्के, तर मागचा सपाटपणा १ टक्का विद्यार्थ्यांत आढळला. म्हणजे बाल्यावस्थेत शंभरातील वीस किंवा त्याहूनही अधिक बाळांत दिसणारी ही गोष्ट किशोरवयात शंभरातील दोघांपुरतीच उरते आणि तीही केसांखाली सहसा ध्यानात येत नाही.

आकड्यांचा हा चढउतार बाळाच्या प्रगतीशी जुळणारा आहे. चौथ्या महिन्याच्या सुमारास बाळ मान धरू लागते, मग कुशीवर वळते, पालथे पडते, सहा-सात महिन्यांत बसू लागते. डोके बिछान्यावरून जसजसे उचलले जाते, तसतसा दाब घटतो आणि वाढणारा मेंदू कवटीला आतून पुन्हा गोलाई देऊ लागतो.

पाश्चात्त्य देशांत प्रमाण का वाढले?

या विषयाला एक गंभीर पार्श्वभूमी आहे. वरकरणी निरोगी असलेले तान्हे बाळ झोपेतच दगावण्याच्या घटना पाश्चात्त्य देशांत मोठ्या संख्येने घडत असत. बाळाला पालथे निजविण्याची तेथील पद्धत आणि या मृत्यूंचा निकटचा संबंध असल्याचे संशोधनातून दिसून आले. त्यानंतर ब्रिटनमध्ये १९९१ साली मोहीम सुरू झाली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली तसाच सल्ला दिला आणि १९९४ साली तेथे ‘बाळाला उताणे निजवा’ ही देशव्यापी मोहीम हाती घेण्यात आली. परिणाम विलक्षण होता. अमेरिकेत झोपेतील आकस्मिक शिशुमृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. हजारो बालकांचे प्राण वाचले.

त्याच सुमारास चपट्या डोक्याची बालके डॉक्टरांकडे अधिक संख्येने येऊ लागली. उताण्या निजण्याची ही किंमत होती. पण प्राणांच्या तुलनेत ती नगण्य होती. म्हणूनच जगभरातील बालरोगतज्ज्ञ आजही एकमुखाने सांगतात, की डोक्याच्या आकारापायी बाळाला रात्री पालथे निजवू नये. या विषयातील सर्वांत महत्त्वाचे सूत्र हेच आहे. चपटेपणा बहुधा आपोआप ओसरतो. गमावलेला श्वास परत येत नाही.

परंपरेतील ग्राह्य आणि त्याज्य

आपल्याकडील बहुसंख्य घरांत बाळाला उताणे निजविण्याची रीत पूर्वापार आहे आणि ती योग्यच आहे. तिच्या जोडीने आलेली मोहरीची उशी मात्र तपासून पाहावी लागते. मोहरीच्या उत्पादनात अग्रेसर असलेल्या राजस्थानपासून महाराष्ट्रापर्यंत ती वापरात आहे. मोहरीचे बारीक दाणे डोक्याच्या भाराने बाजूला सरकतात, खळगा तयार होतो आणि दाब विभागला जातो, अशी त्यामागील कल्पना आहे. तर्क चुकीचा नाही. पण धोकाही लहान नाही. तान्ह्या बाळाचे तोंड उशीत रुतले, मान पुढे वाकून श्वासमार्ग दबला किंवा शिवण उसवून दाणे नाकातोंडात गेले, तर बाळ स्वतःची सुटका करून घेऊ शकत नाही. म्हणून पहिल्या वर्षात उशी कोणतीच नको, मग ती मोहरीची असो, कापसाची असो वा दुकानात ‘खास डोक्याच्या आकारासाठी’ म्हणून विकली जाणारी असो, असा तज्ज्ञांचा स्पष्ट सल्ला आहे. बाळाचा बिछाना सपाट आणि टणक असावा.

न्हाऊ-माखू घालताना डोके दाबून गोल करण्याची, नाक ओढून सरळ करण्याची प्रथाही त्याज्यच. हाताने दाबून डोक्याला आकार येत नाही. टाळूवर हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नसते. तेथे जोर लावणे मात्र टाळावे.

तथापि परंपरेचे सारेच काही टाकाऊ नाही. बाळाला अंघोळ घालणारी अनुभवी बाई पाय लांब करून बसते, बाळाला पायांवर पालथे घेते आणि पाठीला तेल चोळते. त्या वेळी बाळ मान उचलू पाहते, खांद्यांना बळ येते आणि डोक्याचा मागचा भाग दाबापासून मोकळा राहतो. जागेपणी बाळाला पालथे ठेवण्याचा जो व्यायाम आज जगभरातील डॉक्टर सुचवितात, तो आपल्या न्हाणीघरात पिढ्यान्‌पिढ्या घडत आला आहे. बाळाला कडेवर, खांद्यावर, मांडीवर फिरते ठेवणारे एकत्र कुटुंबही याच दृष्टीने उपकारक ठरते. आजीच्या हातांचा खरा गुण डोके दाबण्यात नव्हता. बाळाला उचलून घेण्यात होता.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

चपटेपणा सर्वसाधारण असला, तरी प्रत्येक वेडावाकडा आकार निरुपद्रवी नसतो. सुमारे दोन ते अडीच हजार जन्मांमागे एका बालकात कवटीचे सांधे वेळेपूर्वी जुळतात. या विकारास ‘क्रॅनिओसिनोस्टोसिस’ म्हणतात. अशा बालकांना शस्त्रक्रियेची गरज भासू शकते आणि ती सामान्यतः पहिल्या वर्षात केली जाते. म्हणून उशीर होणे इष्ट नाही.

दोहोंतील फरक अनुभवी डॉक्टर बहुधा केवळ पाहून व हाताने चाचपून सांगू शकतात. निजण्यामुळे आलेल्या एका बाजूच्या चपटेपणात, वरून पाहिल्यास, चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला दिसतो आणि त्याच बाजूचे कपाळही किंचित पुढे आलेले असते. सांधे अकाली जुळले असतील, तर असा मेळ दिसत नाही. पुढील बाबी आढळल्यास बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे :

• डोक्याचा वेगळा आकार जन्मापासूनच असणे व तो महिन्यागणिक वाढत जाणे.
• सांध्याच्या जागी टणक उंचवटा हाताला लागणे.
• डोके होडीसारखे लांबट व अरुंद होत जाणे.
• डोक्याचा घेर अपेक्षेप्रमाणे न वाढणे किंवा टाळू फुगलेली दिसणे.
• बाळाने मान सतत एकाच बाजूला वळविणे, दुसऱ्या बाजूला वळविताना अडखळणे.
• मान धरणे, वळणे, बसणे या टप्प्यांना विलंब होणे.

यांतील मानेचे लक्षण विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. काही बालकांत मानेचा एक स्नायू जन्मतः आखडलेला असतो. बाळ एकाच बाजूला पाहते, त्यामुळे डोके एकाच बाजूने दबते. अशा वेळी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेले सोपे व्यायाम लवकर सुरू केल्यास चांगला गुण येतो. अपुऱ्या दिवसांची, जुळी, तसेच पहिलटकरणीची बाळे यांच्यातही चपटेपणाचे प्रमाण अधिक आढळते. विकासाचे टप्पे उशिरा गाठणाऱ्या बालकांत तो जास्त दिसतो, असेही काही अभ्यासांत आढळले आहे. याचा अर्थ चपटेपणामुळे विकास खुंटतो असा नव्हे. कमी हालचाल करणारे बाळ एकाच स्थितीत अधिक काळ पडून राहते, असाही तो असू शकतो. म्हणून डोक्याबरोबर बाळाच्या हालचालींकडेही लक्ष असावे.

अशा तपासणीसाठी मोठ्या शहरातच राहिले पाहिजे असे नाही. प्रसूती रुग्णालयात झाली असल्यास आशा कार्यकर्ती पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी भेट देते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघर येथून झाला. त्यात जन्मजात व्यंगे आणि विकासातील विलंब यांची तपासणी होऊन बालकास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची व्यवस्था आहे. पुढील उपचारांसाठी कानोत्यासारख्या गावाला जयपूरचे जे. के. लोन बाल रुग्णालय जवळ आहे, तर मुंबईत परळचे बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय १९२९ पासून बालकांची सेवा करीत आले आहे. लसीकरणाची प्रत्येक भेट ही डोके दाखविण्याचीही संधी असते. तो एक प्रश्न डॉक्टरांना विचारण्यास संकोच नसावा.

हेल्मेटचा खर्च आणि लाभ

अलीकडे मोठ्या शहरांत चपट्या डोक्यासाठी मापाने बनविलेली हेल्मेट मिळू लागली आहेत. बाळाने ती दिवसाचे सुमारे २३ तास, काही महिने घालावयाची असतात. खर्च मोठा असतो आणि बाळाच्या काळजीने व्याकूळ झालेले पालक तो करण्यास चटकन तयार होतात. प्रसंगी ठेव मोडतात. कोणत्याही गुंतवणुकीपूर्वी परताव्याची चौकशी करणाऱ्या सुज्ञ ग्राहकाने येथेही तोच प्रश्न विचारावयास हवा.

नेदरलँड्समध्ये पाच ते सहा महिन्यांच्या ८४ बालकांवर झालेल्या एका शास्त्रशुद्ध चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेल्या या बालकांचे दोन गट करण्यात आले. एका गटास हेल्मेट देण्यात आले, दुसऱ्यास काहीही नाही. दोन वर्षांच्या वयात काटेकोर मापांनी पाहिले असता हेल्मेटच्या गटातील २६ टक्के व दुसऱ्या गटातील २३ टक्के बालकांची डोकी पूर्णपणे पूर्ववत झाली होती. हा फरक नगण्य मानला गेला. उलट हेल्मेट घालणाऱ्या प्रत्येक बाळाच्या पालकांनी त्वचेचा दाह, घाम, दुर्गंधी यांसारखा काही ना काही त्रास नोंदविला. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवाही अशी हेल्मेट सहसा पुरवीत नाही. या चाचणीत अतितीव्र चपटेपणाच्या बालकांचा समावेश नव्हता, त्यामुळे तशा मोजक्या प्रसंगी तज्ज्ञ वेगळा निर्णय घेऊ शकतात. परंतु सौम्य चपटेपणासाठी, केवळ जाहिरात पाहून, हा खर्च करण्याचे प्रयोजन नाही.

घरच्या घरी करण्याजोगे

उपाय साधे आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. बाळाला रात्री उताणेच निजवावे. मात्र त्याचे डोके एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळवून ठेवावे. बाळ उजेडाकडे, खिडकीकडे, आईच्या आवाजाकडे पाहते. म्हणून बिछान्यातील उशा-पायथा अधूनमधून बदलावा. दूध पाजताना, कडेवर घेताना बाजू पालटावी. प्रवासापुरती असलेली मोटारीतील बाळाची खुर्ची किंवा झुलती खुर्ची घरात तासन्‌तास वापरू नये.

बाळ जागे असताना आणि जवळ मोठे माणूस असताना त्यास पालथे ठेवावे. घरी आल्यापासून दिवसातून दोन-तीन वेळा तीन ते पाच मिनिटे, असे करीत सातव्या आठवड्यापर्यंत दिवसभरात मिळून १५ ते ३० मिनिटांचा सराव व्हावा, असा अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. आरंभी बाळ रडते. तेव्हा आजोबांच्या छातीवर किंवा आईच्या मांडीवर पालथे घेतले तरी चालते.

२०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रियांची प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. चपटेपणा वाढण्याचा आणि ओसरू लागण्याचा काळ नेमका या सहा महिन्यांत येतो. आई कामावर रुजू झाल्यानंतर बाळ ज्यांच्या हाती असेल, त्या आजीला, मावशीला वा पाळणाघरातील ताईंना या चार गोष्टी समजावून सांगितल्या, तर क्रम मोडत नाही. वडिलांनाही यात करण्यासारखे पुष्कळ आहे. बाळाला उचलून घेण्यास कोणतेही प्रशिक्षण लागत नाही.

दोष कोणाचा?

कोणाचाही नाही, हेच या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर. जी गोष्ट दोन-तीन महिन्यांच्या जवळजवळ निम्म्या बालकांत आढळू शकते, ती एखाद्या आईच्या हलगर्जीपणाची खूण असू शकत नाही. उलट अनेकदा ती बाळाला सुरक्षितपणे उताणे निजविल्याची खूण असते. बाळंतपणातून सावरणारी, रात्री जागणारी स्त्री आधीच थकलेली असते. तिच्या माथी बाळाच्या डोक्याचा दोष मारल्याने आकार सुधारत नाही. तिचे मन मात्र खचते. त्याऐवजी घरातील कोणी अर्धा तास बाळाला खांद्यावर घेऊन फिरले, तर बाळाच्या डोक्यालाही विश्रांती मिळेल आणि तिलाही.